पर्मनंटसाठी अर्धा एकर

पत्र थोडक्यात: लिहिणारा 28 वर्षांचा आहे, हिंगोली जिल्ह्यातल्या एका गावचा. आयटीआयला दोन वर्षं फिटर ट्रेड करून सहा वर्षांपूर्वी चाकणला आला. तेव्हापासून चार ठेकेदार बदलले, कंपन्या तीन. दर सात महिन्यांनी ब्रेक, मग कधी तोच, कधी नवा ठेकेदार, नवं गेट पास. ओटी (ओव्हरटाईम) धरून हातात सोळा हजारांच्या आसपास पडतात. खराबवाडीत एका खोलीत चौघं राहतात. दोन स्थळं आली, दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच, "मुलगा पर्मनंट आहे का?" आता एक ओळखीचा माणूस म्हणतो, तीन लाख दे, एका मोठ्या कंपनीत कायम करून देतो. वडील त्यासाठी अर्धा एकर विकायला तयार आहेत, गिऱ्हाईकही मिळालंय. दुसरीकडे पोलीस भरतीचं वय संपत आलंय. तिसरा विचार, सगळं सोडून गावी जावं. पत्राच्या शेवटी लिहिलंय, "ताई, माझ्यातच काहीतरी कमी असेल, नाहीतर सहा वर्षांत कुणीतरी ठेवून घेतलं असतं."

ताई म्हटलंस, तेव्हा मीही एकेरीवरच येते. राग मानू नकोस.

तुझं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं, म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते. सात महिन्यांनी ब्रेक तुला एकट्याला मिळत नाही. तुझ्या बॅचच्या सगळ्यांना मिळतो, कारण आपल्या राज्यात वर्षभरात 240 दिवस सलग भरले की तात्पुरत्या कामगाराला कायमपणाचा दावा सांगता येतो, आणि ते दिवस भरू नयेत एवढ्यासाठीच हा ब्रेक असतो. तू लाईनवर कितीही चांगलं काम केलं असतंस तरी तो मिळालाच असता. खोलीवर मुलं "240 भरले की आपोआप पर्मनंट" असंही म्हणत असतील. आपोआप काही होत नाही. ठेकेदाराकडून आलेल्याला तर आधी आपला खरा मालक कोण हेच सिद्ध करावं लागतं. ठेका बंद झाला म्हणून कंपनीने कामगारांना आपोआप सामावून घेतलंच पाहिजे असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2001 मध्येच सांगून ठेवलंय. हे कडू आहे, पण यात तुझी लायकी कुठेच मोजलेली नाही.

आता तीन लाख. ते देऊ नकोस.

का, तेही सांगते. ज्या कंपनीला माणूस कायम घ्यायचा असतो तिचं नियुक्तीपत्र कंपनीच्या नावाने येतं, त्यासाठी पैसे लागत नाहीत, मेडिकलची फी नाही, युनिफॉर्मचं डिपॉझिटही नाही. तुझ्या त्या ओळखीच्याला एवढंच विचार, "पैसे चेकने देतो, पावती कुणाच्या नावावर करू?" तो चेक घेणार नाही. कधीकधी अशा माणसाकडून मुलगा खरंच आत लागतोही, पण तोही ठेकेदाराच्याच रजिस्टरवर आणि तोही सात महिन्यांसाठी. तोवर पैसे गेलेले असतात, आणि नोकरी विकत घेत होतो हे पोलिसांना सांगायची लाज वाटते म्हणून तक्रारही होत नाही. ज्यांचे पैसे ऑनलाईन गेलेत त्यांनी लाज बाजूला ठेवून लगेच 1930 वर फोन करावा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

तू पगाराच्या पावतीचा फोटो पाठवलास ते फार बरं केलंस. मी तो मोठा करून कागदावर उतरवून घेतला. बेसिक आणि विशेष भत्ता मिळून 13,000. घरभाडं 650. इतर भत्ता 1,950. एकूण 15,600. हजेरी 26 दिवस, म्हणजे दिवसाचे 600 आणि तासाचे 75. ओटी 48 तास आणि त्याचे 3,600. इथे थांब. 48 तासांचे 3,600 म्हणजे तासाला 75 रुपयेच. कारखान्यात ओटीचा दर दुप्पट असतो, हे 1948 च्या कारखाने कायद्यापासून आहे आणि नव्या श्रमसंहितांमध्येही तसंच ठेवलंय. तुला 7,200 मिळायला हवे होते. एका महिन्यात 3,600 कमी, आणि दर महिन्याला एवढीच ओटी धरली तर वर्षाला 43,200. नोकरी विकत घ्यायला बाप जमीन काढतोय आणि इकडे मुलाची ओटीची मजुरी निम्म्याने कापली जातेय. फोटो बघताना मला याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला.

पण उद्या सकाळी एकटा जाऊन सुपरवायझरशी भांडू नकोस. परवा तुझं पंचिंग बंद होईल आणि तुझ्या जागी आंबेठाण चौकात उभा असलेला दुसरा मुलगा येईल. आत्ता फक्त लिहून ठेवायला लाग. साधी दहा रुपयांची वही घे. तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, कोणती शिफ्ट. पावत्यांचे फोटो स्वतःलाच ईमेल करून ठेव, मोबाईल हरवला तरी ते राहतील. नव्या वेतन संहितेत थकलेल्या मजुरीचा दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. म्हणजे ही कंपनी सोडल्यावरही तुला मागता येईल, आणि तुमच्या लाईनवरचे सात-आठ जण मिळून मागितलंत तर आणखी बरं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. त्या कायद्यात औद्योगिक कामगाराचा वेगळा उल्लेखच आहे, त्यासाठी तुझ्या घरचं उत्पन्न कुणी विचारणार नाही. त्यांचा नंबर 15100.

वहीचं एवढं का लावून धरलंय, ते सांगते. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. सुरुवातीची पाच वर्षं बदली. सकाळी कार्ड घेऊन गेटवर उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कुणी आलं नाही तर आत, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी. मग कायम झाले. आजीने गावाकडे नारळ फोडला. आणि 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. गिरणी पुन्हा कधी नीट चाललीच नाही. वडील भिवंडीत यंत्रमागावर गेले, तिथे त्यांना काम मिळालं ते बिघडलेला साचा उघडून दुरुस्त करता यायचा म्हणून. पुढे कितीतरी वर्षांनी गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर कामावर होतो याचा पुरावा मागितला. आईने तिकीट नंबरचं कार्ड, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड आणि पगाराच्या दोन पावत्या बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. आमच्या चाळीतल्या एका काकांनी वडिलांपेक्षा जास्त वर्षं गिरणीत काढली होती, पण त्यांच्याकडे एक चिटोरा नव्हता. ते नुसते या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरत राहिले.

म्हणून तुला विचारते, सहा वर्षांचं तुझ्याकडे काय आहे? नियुक्तीपत्र आहे? 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्यात, आता प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणं बंधनकारक आहे. ठेकेदाराकडे तोंडी माग, नाही दिलं तर व्हॉट्सअॅपवर माग आणि तो मेसेज पुसू नकोस. ठेकेदाराने पगार बुडवून पळ काढला तर देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, त्यामुळे कोणत्या कंपनीच्या गेटातून आत जात होतास याचा पुरावा जपून ठेवायचा. जुनी गेट पास टाकून देऊ नकोस.

पीएफचं पासबुक उमंग अॅपवर उघड. तुझ्या पत्रावरून दिसतंय की दोन ब्रेकमध्ये तू पीएफ काढून घेतलास. कळतं मला, खोलीभाडं थकलं होतं. पण पुन्हा तसं करू नकोस. प्रत्येक ठेकेदाराकडे नवं खातं पडतं, यूएएन, म्हणजे पीएफचा तुझा नंबर, मात्र एकच राहतो, आणि जुनं खातं नव्याला जोडून घेता येतं. मालकाच्या 12 टक्क्यांतले 8.33 टक्के पेन्शनला जातात, आणि पेन्शन मिळायला एकूण दहा वर्षांची नोकरी लागते. पेन्शनचे पैसेही काढून घेतले की आधीची वर्षं पुसली जातात. जोडत राहिला असतास तर आज तुझी सहा झाली असती. पासबुकात हेही बघ की ज्या महिन्यांत पावतीवर कपात दिसते त्या महिन्यांत भरणा झालाय का. कापलं आणि भरलंच नाही, अशी पत्रं मला दर महिन्याला येतात.

ईएसआयबद्दल तुझ्या पत्रात एक शब्द नाही, पण पावतीवर 144 रुपये कापलेत. म्हणजे तुझा विमा आहे. 21 हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना तो मिळतो. गावी असलेले आईवडील तुझ्यावर अवलंबून असतील तर त्यांचीही नावं घालता येतात. डॉक्टरने आजारपणाचा दाखला दिला की साधारण 70 टक्के पगाराइतकी रक्कम मिळते, वर्षाला 91 दिवसांपर्यंत. चिंचवडला मोहननगरमध्ये त्यांचं रुग्णालय आहे. मागच्या पावसाळ्यात डेंग्यू झाला तेव्हा खाजगीत अकरा हजार घातले, असं तू लिहिलंयस. ते घालायची गरज नव्हती.

आता पुढचं. तू स्वतःला फिटर म्हणतोस. सहा वर्षांत तू नक्की काय केलंस, ते तूच पत्रात लिहिलंयस: दरवाजाच्या बिजागरीचे चार बोल्ट टॉर्क गनने आवळायचे, दर 70 सेकंदांना एक गाडी. हे फिटरचं काम नाही रे. आयटीआयमध्ये तू फाईल मारलीस, स्क्रेपिंग केलंस, ड्रॉइंग वाचलंस. ते सगळं हातातून जायला लागलंय आणि खरी काळजी मला त्याची वाटते. लाईनवर आणखी सहा वर्षं काढलीस तरी तुझा दर वाढणार नाही, कारण ते काम तीन दिवसांत शिकवता येतं. मशीन बंद पडल्यावर सगळे ज्याची वाट बघतात, त्याला ठेकेदारही सहज सोडत नाही.

म्हणून पुढचा ब्रेक येईल तेव्हा पुन्हा असेंब्ली लाईन धरू नकोस. भोसरीत, तळवड्यात, कुरुळीत छोटी वर्कशॉप आहेत, वीस-पंचवीस माणसांची. तिथे मेंटेनन्सला किंवा टूलरूमला हेल्पर म्हणून जा, सुरुवातीला पगार हजार-दोन हजारांनी कमी पडला तरी चालेल. हायड्रॉलिक, न्यूमॅटिक, सीएनसी-व्हीएमसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) सेटिंग, यातलं एक धर. छत्रपती संभाजीनगरला इंडो जर्मन टूल रूम आहे, तिथे लहान मुदतीचे कोर्स असतात. फी आणि तारखा स्वतः जाऊन विचार, मधल्या एजंटला विचारू नकोस. आणि दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालाय, म्हणजे पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. 28 व्या वर्षी वर्गात बसायचं म्हणजे अवघडल्यासारखं होईल, आणि दोन वर्षं घरी पैसे पाठवता येणार नाहीत. घरच्यांशी बोलूनच ठरव.

आयटीआयमधून नुकतेच बाहेर पडलेल्यांसाठी इथेच एक गोष्ट. ठेकेदाराचा "ट्रेनी" आणि शिकाऊ उमेदवारी कायद्याखालचा अप्रेंटिस, यांत फार फरक आहे. अप्रेंटिसचा करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला असतो, शेवटी परीक्षा होते आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेत, महावितरणमध्ये, एसटीत त्याला किंमत आहे. ट्रेनीला सात महिन्यांनी काहीच मिळत नाही. पहिल्या वर्षी दोन हजार जास्त मिळतात म्हणून ट्रेनी होऊ नका. ज्या वाचक ताई पॅकिंगला किंवा हाऊसकीपिंगला आहेत, त्यांनीही वर लिहिलेलं ओटी, पीएफ आणि ईएसआयचं सगळं आपल्या पावतीशी ताडून बघावं, सगळ्यात जास्त कपात मला तिथेच दिसते. किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो, त्या दोन महिन्यांच्या पावत्या आधीच्या महिन्यांच्या शेजारी ठेवून बघा.

पोलीस भरती. खुल्या गटात 28, मागासवर्गीयांना 33 पर्यंत. तू कोणत्या गटात बसतोस ते लिहिलं नाहीस. 2024 च्या भरतीत 17,471 जागांसाठी 17 लाख 76 हजार अर्ज आले होते, म्हणजे एका जागेमागे शंभराहून जास्त. धावणं, गोळाफेक चांगली असेल आणि वय उरलं असेल तर एक भरती दे, जरूर दे. पण अकॅडमीत वर्षभर राहण्यासाठी नोकरी सोडू नकोस. बारा तासांच्या शिफ्टनंतर मैदान होत नाही हे मलाही माहीत आहे, म्हणून ते दोन-तीन महिने ओटी बंद ठेव. एका भरतीनंतर तो विषय मिटव. मी तिशी ओलांडलेली मुलं पाहिलीत, अजून "पुढची भरती" म्हणत पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेली, आणि त्यांच्या आया शेतात मजुरीला जातात.

गावी जाण्याबद्दल तू असं लिहिलंयस की जणू तोंड लपवून परत जायचंय. लोक काय म्हणतील हा भाग मी सोडून देते, त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण काम म्हणून बघ. तुमच्या भागात आता जागोजागी सौर कृषी पंप बसतायत. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत शेतकऱ्याला फार तर दहाच टक्के भरावे लागतात, त्यामुळे मागणी आहे. ते बसवायला, नंतर बघायला हात लागतात. ठिबक, पंप, ट्रॅक्टरची अवजारं, शटर-ग्रीलचं वेल्डिंग, यात फिटरला काम मिळतं. आधी सहा महिने दुसऱ्याच्या हाताखाली कर. मग स्वतःचं टाकायचं असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी कर. त्यात 15 ते 35 टक्के अनुदान मिळतं, बाकी बँकेचं कर्ज, म्हणजे हप्ता आलाच. एकदम मोठं दुकान टाकू नकोस. आणि वर्कशॉपला तालुक्याला जाणाऱ्या रस्त्यावर जागा लागते. जमीन राहिली तर ती राहील, हे मी तुला सांगायला नको.

मला विचारशील तर, मी आधी मेंटेनन्सचं काम दोन वर्षं शिकेन आणि मग गाव की चाकण ते ठरवेन. दोन्हीकडे तेच कसब लागतं. पण तुझ्या घरी किती जण तुझ्या पैशांवर आहेत ते मला माहीत नाही, माझं ऐकताना एवढं लक्षात ठेव.

लग्नाचं. "पर्मनंट आहे का" विचारणाऱ्या मुलीच्या वडिलांवर रागावू नकोस. त्यांनाही भीतीच वाटते, आणि त्यांना तोच एक प्रश्न विचारता येतो. पुढच्या वेळी ते विचारतील तेव्हा मान खाली घालू नकोस. पीएफचं पासबुक दाखव, ईएसआय आहे ते सांग, काय शिकतोयस ते सांग. एखादे वडील उठून जातील. सगळेच जाणार नाहीत, आणि मुलीलाही बोलू दे. तिला काय हवंय हे दोन्ही स्थळांच्या वेळी कुणी विचारलं होतं का?

तू लिहिलंयस की अक्षय्य तृतीयेला इसार घ्यायचं ठरलंय. म्हणजे अजून घेतलेला नाही. हे वाचून झालं की सुट्टीची वाट न बघता आजच वडिलांना फोन कर. ते शेतात असतील तर संध्याकाळी पुन्हा लाव. व्यवहार थांबवा, एवढंच आधी सांग, बाकीचं घरी गेल्यावर. आणि त्यांनी "तुझ्यासाठीच करत होतो रे" म्हटलं, तर ऐकून घे, वाद घालू नकोस.